सात दिवसांची लेखी सूचना

हॉर्नबी, क्राइस्टचर्च
रविवार, १२ जुलै २०१५

चि. दमयंती,

आशीर्वाद. तुझं जूनचं पत्र परवा हातात पडलं. उशीर माझा नव्हे. टपालखात्याने या महिन्यापासून एक दिवसाआड वाटप सुरू केलंय. देश श्रीमंत आणि पोस्टमन अर्धा! तू म्हणशील, दादा, ईमेल कर. नाही करणार. ईमेलला लोक 'ओके' म्हणून उत्तर देतात. कागदाला तसं उत्तर द्यायची अजून तरी माणसाला लाज वाटते.

बातमी ही की काल आपल्या हॉर्नबी मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत माझा मसुदा मंजूर झाला. मंडळाला आता सल्लागार समिती आहे. सात सभासद, मुदत तीन वर्षं. सातांतला एक मी.

आनंद कळवायला बसलोय, पण आधी किळस सांगून मोकळा होतो. नऊ पानांचा मसुदा, स्वतः शिवलेला, प्रत्येकाच्या खुर्चीवर एक प्रत. मध्यंतरात बघतो तर दोघांनी त्यावर वडा ठेवलेला. तेल कलम तीनपर्यंत पोचलं होतं. मागच्या रांगेत फोनवर रग्बी. आणि आपले अध्यक्ष शुभंकर, पुण्याचे कॉम्प्युटर इंजिनिअर, काय म्हणाले? "गुरुनाथराव, हेवी आहे हो, पण स्वीट अ‍ॅज! करा हात वर." संपलं. घटना मंजूर करताना इथल्या पोरांचं 'झकास', 'स्वीट अ‍ॅज'. मला शिसारी आली, पण हात मोजून घेतले. अडतीस.

तू विचारलं होतंस की मसुद्याला नमुना मोनॅकोचाच का. सांगतो. फ्रान्सच्या बगलेत समुद्राला चिकटलेलं दोनेक चौरस किलोमीटरचं राज्य. तिथे प्रिन्स राज्य करतो, आणि त्याला सल्ला द्यायला सात जणांचं राजमुकुट मंडळ असतं. अध्यक्ष धरून चौघं प्रिन्सच्या पसंतीचे, तिघं तिथल्या लोकप्रतिनिधींनी सुचवलेले. एरवी प्रिन्स विचारील तेव्हा त्यांनी बोलायचं. पण काही बाबतींत त्याला विचारावंच लागतं: परदेशाशी तह, लोकप्रतिनिधींची सभा बरखास्त करणं, गुन्ह्याची माफी, नवा नागरिक करून घेणं, आणि गेलेला नागरिक परत घेणं. विचारलंच पाहिजे. मात्र ऐकलंच पाहिजे असं नाही.

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. दहावीनंतर मिरजेत लेथवर उभा राहिलेला माणूस मी. इथल्या लायब्ररीतून सीडी आणून दोन हिवाळे फ्रेंच शिकलो आणि मूळ घटना वाचली.

सभेत शिवाजीने विचारलं, "ऐकायचंच नसेल तर विचारायचं कशाला?" शिवाजी म्हणजे सातारचा, २०११च्या भूकंपानंतर पूल बांधायला आलेला. मी म्हणालो, "एकट्याने वाईट निर्णय घ्यायला माणसाला लाज वाटत नाही. सात जणांना विचारून, त्यांच्या तोंडावर घ्यायला वाटते. ती लाज म्हणजे घटना." हसले लोक. हसू देत.

आता तुझ्या कामाचं. 'गेलेला सभासद परत घेणे' हे कलम मी तुझ्या रमणकाकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. म्हाताऱ्याने एक्क्याण्णव साली स्वतःच्या गॅरेजात अकरा माणसं जमवून हे मंडळ काढलं. भूकंपानंतर पोलिसांचं कुंपण ओलांडून पडक्या इमारतीतून मंडळाची पुस्तकं दोन सुटकेसांत भरून आणली, दुसऱ्या फेरीत पकडले गेले, आणि जागामालकाने आपली फुकटातली खोली काढून घेतली. त्याबद्दल एकतीस विरुद्ध नऊ मतांनी त्यांना मंडळातून काढलं. एकतीसांत मी होतो, हे तुला तेव्हाच कळवलं होतं. कुंपण ते कुंपण. पण शिक्षा किती दिवस? आता रीतसर अर्ज येईल, समिती सल्ला देईल, शुभंकरला लाज वाटेल आणि काका परत सभासद होतील. वर्षाच्या आत. लिहून ठेव.

तुझा
गुरुनाथ


पापाटोएटो, ऑकलंड
२६ जुलै २०१५

प्रिय गुरूदादा,

नमस्कार, आणि समितीच्या सन्माननीय सदस्यांना आणखी एक वेगळा नमस्कार.

तुझा मोनॅको मी दुकानात, दोन प्रिस्क्रिप्शनांच्या मध्ये वाचला. आरवने विचारलं, "हू स्टिल राइट्स लेटर्स, मम?" म्हटलं, तुझा मामा. तर म्हणे, "इज ही इन जेल?" मावसभावाला मामा म्हणायला शिकवलंय एवढं तरी मान. मराठी सगळं कळतं रे त्याला, तोंडातून इंग्रजीच बाहेर पडतं.

हसून झालं. आता नीट वाच.

काकाचा गुरुवारी फोन आला होता. मी सहज विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? म्हणाला, रक्तदाबाची. नावं सांग म्हटलं तर डबीवरून एकेक अक्षर वाचून दाखवलं. दादा, मी बावीस वर्षं ही नावं वाचतेय. ती रक्तदाबाची नव्हेत. मला कळलं हे त्यालाही कळलं असावं, कारण लगेच हवामानावर गेला.

मग आपणहून म्हणाला, "दमे, मी मेल्यावर फ्युनरलवाल्यांची सहा सूटवाली माणसं मला उचलतील. सवयीने उचलतील, सोफा उचलावा तसं. मंडळातलं कोणी गेलं की मंडळाचे सहा जण खांदा देतात, ही रीत मी पाडली. पहिला खांदा पाटणकरांना मी दिला. मला ते सहा हवेत."

मी म्हटलं, काका, सभासद असोस नसोस, येतीलच ना सगळे. तर चिडला. "दया आली म्हणून आलेले नकोत. सभासद म्हणून न्यायचं असेल तर न्या."

म्हणजे तुला कळलं ना, हा अर्ज कशासाठी आहे? आणि वर्षाच्या आत म्हणतोस ते वर्ष आपल्याकडे आहे की नाही, मला ठाऊक नाही. तो सांगत नाही आणि मी फोनवर विचारणार नाही. तू मात्र घाई कर. कलमं नंतर घासत बस.

तुझी
दमयंती


हॉर्नबी
सोमवार, २१ सप्टेंबर २०१५

चि. दमयंती,

काल समितीची पहिली सभा झाली. अंग घासून आंघोळ करावी असं वाटतंय, इतका उबग आला.

काकांचा अर्ज ऑगस्टमध्येच शुभंकरच्या हातात दिलाय. चार ओळी, सुंदर अक्षर. मी सातही जणांना काकांची हकिगत टाइप करून दिली होती. तारखा, वेळा, सुटकेसांत काय होतं त्याची यादी: एकशे चाळीस पुस्तकं आणि मंडळाचं पहिलं रजिस्टर. आणि सभेत अध्यक्षांनी आम्हाला कशावर सल्ला विचारला? गणपतीचे उरलेले मोदक फ्रीझ करून दिवाळीत वाटले तर चालतील का! सात प्रौढ माणसं पाऊण तास गोठलेल्या मोदकांवर बोलली. विनिता, ती हॉस्पिटलात नर्स आहे ती, म्हणाली सारण आंबतं. त्यावर तिघांनी अनुभव सांगितले. मी भिंतीकडे बघत बसलो.

शेवटी मी म्हणालो, "रमणरावांचा अर्ज घ्या."

शुभंकर हसला. गोड हसतो, तेच तर ओंगळ. "गुरुनाथराव, अजेंड्यावर नाही. अध्यक्षांनी विचारलेल्या विषयावरच समितीने बोलायचं, असं तुम्हीच लिहिलंय ना? पान चार?"

पान चारच आहे.

बाहेर गाडीपाशी गाठलं त्याला. म्हणाला, "माफीचं पत्र आणा. एक ओळ. मग घेतो अजेंड्यावर. मला पण लोकांना तोंड द्यायचंय. नवा हॉल कौन्सिलकडे मागतोय आपण, आणि पोलिसांच्या कुंपणावरून उडी मारणारा माणूस परत घेतला तर कसं दिसेल?"

मी तसाच काकांकडे गेलो. निरोप ऐकून ते म्हणाले, "पुस्तकं आणली त्याची माफी मागू? मग ती परत नेऊन ढिगाऱ्यात ठेवतो, म्हणावं, म्हणजे फिट्टंफाट." चहा त्यांनी केला, पण कप मला उचलायला सांगितले. मी विचारलं नाही.

माफी ते मागणार नाहीत आणि मागूही नये. शुभंकरसारख्यांची मला घृणा वाटते. याला नियम आठवतो तो फक्त दार लावायला. पण तू काळजी करू नकोस. मोनॅकोच्या घटनेत राजमुकुट मंडळाने स्वतःहून सूचना मांडायची सोय आहे. मी तशी दुरुस्ती लिहायला घेतलीय. पुढच्या वार्षिक सभेत मांडतो.

गुरुनाथ


पापाटोएटो
१५ नोव्हेंबर २०१५

गुरूदादा,

दिवाळीत तुमच्याकडे चार दिवस राहून आले, तुझ्याशी तोंडाने बोलायचं ते राहूनच गेलं, कारण तू सगळा वेळ दुरुस्ती वाचून दाखवत होतास. वहिनीने मला स्वैपाकघरातून डोळा मारला ते तू पाहिलं नाहीस.

काकाचा पट्टा नव्या भोकापर्यंत गेलाय. ते भोक त्याने खिळ्याने स्वतः पाडलंय. आता त्याने मला सांगितलं. आतड्यात आहे आणि यकृतापर्यंत गेलंय. डॉक्टर महिने मोजतायत. 'दुरुस्ती पुढच्या जुलैत' असं तू म्हणालास तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला होता.

निघायच्या दिवशी मी शुभंकरला भेटले. काय बोलले ते विचारू नकोस. एवढंच सांगते, तो तुला वाटतो तेवढा वाईट नाही. भित्रा आहे. भित्र्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, त्याच्या शेजारी बसावं लागतं. तू बसला असतास तर हे मला करावं लागलं नसतं.

एकच मागते. वेळ येईल तेव्हा वाद घालू नकोस. माणसं गोळा होतील तिथे 'हो' म्हण आणि घरी ये.

दमयंती


हॉर्नबी
मंगळवार, २३ फेब्रुवारी २०१६

चि. दमयंती,

फोनवर सगळं बोलता येत नाही म्हणून दोन ओळी. चौदा तारखेच्या भूकंपात आमचं काही पडलं नाही; कपाटातल्या बरण्या तेवढ्या. काका बुधवारपासून हॉस्पिटलात आहेत ते तुला माहीतच आहे. शुद्धीवर आहेत, दुखणं औषधाने आवाक्यात आहे. विनिता त्याच वॉर्डात असल्याने लक्ष आहे. शुक्रवारी तू येतेसच.

अर्जाबद्दल: शुभंकर शेवटी तयार झालाय. शनिवारी सभा व्हायची होती, ती होऊ शकली नाही. आता रविवारी, २८ तारखेला, सकाळी अकरा वाजता रीतसर सभा आहे. लेखी सूचना सगळ्यांना पोचल्या आहेत. विषय पहिला आणि एकच. सातही जण हजर राहतील. काकांना तसं कळवलंय.

सगळं व्यवस्थित होईल.

गुरुनाथ


पापाटोएटो
९ मार्च २०१६

गुरुनाथदादा,

काका गुरुवारी गेला. तू रविवारच्या सभेची तारीख कळवलेलं पत्र मला अंत्यविधीहून परत आल्यावर मिळालं. एक दिवसाआड टपाल. बरं झालं, आधी मिळालं असतं तर तुझ्यावर विश्वास ठेवला असता.

'होऊ शकली नाही.' किती स्वच्छ वाक्य आहे! पाऊस पडला म्हणून मॅच होऊ शकली नाही, तसं. काय झालं ते मला विनिताने सांगितलं आणि मग शुभंकरने. मी दोघांना वेगवेगळं विचारलं, कारण तूच शिकवलंयस, एका साक्षीवर जाऊ नये.

विनिताने त्याआधीच्या शुक्रवारी शुभंकरला सांगितलं, आठवडा निघणार नाही. त्याने रात्रीत सगळ्यांना फोन केले. शनिवारी सकाळी तुम्ही सातही जण वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये होतात, कोकच्या मशीनपाशी. शिवाजी साइटवरून बूट न काढता आला होता. शुभंकर म्हणाला, माफीबिफी राहू दे, घेऊ या त्यांना परत, आत्ता आत जाऊन सांगू. सहा जण हो म्हणाले. दोन मिनिटं लागली नाहीत. आणि सातवा म्हणाला, सात दिवसांची लेखी सूचना नाही. ही सभा नव्हे.

शुभंकर म्हणाला, "सूचना मागाहून करू हो, तारीख मागची घालू." तू म्हणालास, "मागची तारीख घातलेला कागद खोटा असतो. खोट्या कागदावर त्यांना परत घ्यायचं?" सातांपैकी एक जरी नसला तरी सल्ला होत नाही, आणि सल्ल्याशिवाय अध्यक्षाला कोणाला घेता येत नाही, हेही तू तिथेच म्हणून दाखवलंस. पान, कलम. विनिता म्हणते, मोठ्याने.

काकाच्या खोलीचं दार उघडं होतं, दादा. पाच पावलांवर. त्याने तिला विचारलं, "बाहेर गुरुनाथचा आवाज होता ना? काय म्हणाला?" तिने सांगितलं, रविवारी सभा आहे म्हणाले. तर हसला म्हणे. "फिटर आहे तो. आटा बरोबर बसल्याशिवाय सोडायचा नाही." मग तिला विचारलं, "रविवार किती लांब आहे?"

मी तुला नोव्हेंबरात एकच गोष्ट मागितली होती.

मला तुझी किळस आली. हे लिहिताना हात थांबला, पण तुझ्याच पत्रांतून हा शब्द इतकी वर्षं वाचतेय की दुसरा सुचेना. तू वड्याच्या तेलाला, फ्रीझ केलेल्या मोदकांना, 'स्वीट अ‍ॅज'ला वापरलास. आता मी वापरते.

मंगळवारी मंडळाच्या सहा जणांनी खांदा दिला. शुभंकर पुढे होता, त्याला रडू आवरत नव्हतं. रजिस्टरात काकाचं नाव परत लिहिलंय ते त्याने मला आणून दाखवलं. तू मागे, दाराशी, बाहेरच्या लोकांत उभा होतास. मला वाटलं लाजलास.

हे पत्र मी लिहिणार नव्हते. पण शिवाजी म्हणाला की रविवारच्या सभेत सगळ्यांत शेवटी गुरुनाथराव बोलले, आणि ते बोलल्याबरोबर शुभंकरने नाव लिहिलं. म्हणजे शेवटी तुझ्या तोंडून 'हो' निघालं. उशिरा, माणूस नसताना, पण निघालं. तेवढ्या एका 'हो'साठी मी तुझ्याशी बोलणं तोडत नाहीये. वर्षभर फोन मात्र करू नकोस.

दमयंती


हॉर्नबी
रविवार, २० मार्च २०१६

दमयंती,

तुझं पत्र आठवडाभर टेबलावर होतं. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. मशीन कोकचं नव्हे, चहा-कॉफीचं होतं, एवढाच फरक, आणि तो लिहिताना सुद्धा माझीच मला शिसारी येते. पण एक चूक मोठी आहे. ती नंतर.

'होऊ शकली नाही' हे वाक्य मी तीन वेळा कच्चं लिहून मग पत्रात उतरवलं. आधी लिहिलं होतं 'मी होऊ दिली नाही'. ते खोडलं.

त्या शनिवारी काय झालं ते विनिताला आणि शुभंकरला दिसलं तेवढंच त्यांनी सांगितलं. आतलं मी सांगतो. सहा जण हो म्हणाले आणि माझ्याकडे वळले. डॉक्टर, नर्स, तीन इंजिनिअर, एक अकाउंटंट. मी इथे आल्यापासून तेरा वर्षांत पहिल्यांदा ही माणसं गुरुनाथ काय म्हणतो म्हणून थांबली होती. मी बोलल्याशिवाय पुढे काही होणार नव्हतं, कारण मी तसंच लिहून ठेवलं होतं. मला ते आवडलं. तीनचार सेकंद असतील. उघडं दार मला दिसत होतं. काकांचा पाय पांघरुणाबाहेर आला होता तोही दिसला. आणि तरी मला ते आवडलं. खोट्या कागदाचं कारण खरं होतं, आजही ते कारण मला बरोबर वाटतं, पण तोंड उघडलं ते त्या कारणाने नव्हे.

मंगळवारी विधीवरून घरी आल्यावर मी मोनॅकोची मूळ घटना पुन्हा काढली. कलम शहात्तर. राजमुकुट मंडळाने वर्षातून निदान दोनदा जमायचं. शिवाय प्रिन्सला वाटेल तेव्हा तो त्यांना बोलावू शकतो. बस्स. नोटीस किती दिवसांची, लेखी की तोंडी, सातच्या सात हवेत की नकोत, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. राजाने सकाळी हाक मारली तर दुपारी जमावं, इतकी ती सोय मोकळी आहे. सात दिवस माझे. लेखी माझं. सातही हजर हेही माझंच. 'सात जण, सात दिवस' हे कागदावर देखणं दिसलं म्हणून घातलं. आणि तुम्हा सगळ्यांना सांगत आलो की मूळ फ्रेंचमधून उतरवलंय.

आता रविवार. सभा रीतसर झाली. अकरा वाजता, लेखी सूचना, सातही हजर. कोणी वडे आणले नव्हते. शुभंकर म्हणाला, "विषय एकच आहे. माणूस राहिला नाही. गेलेल्या माणसाला सभासद करून घेता येतं का? एकेकाने सांगा." विनिता म्हणाली, घ्या. शिवाजी म्हणाला, घ्या की, कोण अडवतंय. सहाही जण तसंच म्हणाले. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुनाथराव, तुमचा अभ्यास आहे. तुमचा सल्ला सांगा." टोमणा नव्हता. डोळे सुजले होते त्याचे. खरंच विचारत होता.

शिवाजी म्हणाला ते बरोबर आहे, मी शेवटी बोललो आणि बोलल्याबरोबर नाव लिहिलं गेलं. मी काय बोललो ते त्याने तुला सांगितलं नाही. चांगला माणूस आहे.

मी म्हणालो, "तरतूद नाही. कलम चारप्रमाणे अर्जदार हयात हवा."

माझ्या कानांनी मी ते ऐकलं. थांबवता आलं असतं. बेसिनमध्ये ओकताना माणूस स्वतःला बघतो तसं बघत होतो मी, आणि तरी वाक्य पूर्ण केलं, कलमाच्या आकड्यासकट.

शुभंकरने पेनचं टोपण काढलं. "तुमचा सल्ला मिळाला, गुरुनाथराव," तो म्हणाला. "तो नोंदवतो. मानत नाही." आणि रजिस्टरात लिहिलं: रमण विष्णू टिळेकर, सभासद. तारीख त्या दिवशीचीच घातली, मागची नव्हे. मी बघितलं.

सल्ला विचारलाच पाहिजे, पण ऐकलाच पाहिजे असं नाही. माझ्या नऊ पानांत शब्दशः मूळचं म्हणावं असं हेच एक होतं. ज्याला मी वर्षभर ओंगळ म्हणत आलो, त्या माणसाने ते बरोबर चालवून दाखवलं.

सोमवारी राजीनामा दिला, समितीचा आणि मंडळाचाही. म्हणून मंगळवारी बाहेरच्यांत उभा होतो. खांदा सभासदांनी द्यायचा असतो.

फोन करणार नाही. पण तू तुझ्या-माझ्यातलं जे काही राखलंयस ते एका 'हो'वर राखलंयस, आणि ते 'हो' मी म्हटलेलं नाही. दुरुस्त करून घे. मी 'नाही' म्हणालो होतो.

गुरुनाथ